घरात राहणारी माणसं : एक

९ मार्च

काका,

आधीच सांगते, मी धडधाकट आहे, दात सगळे जागेवर आहेत, आणि मागच्या पत्रात लिहिलेली बोटींना रंग द्यायची नोकरी सुटली आहे. सुटली म्हणजे मीच सोडली. तुम्ही कपाळाला हात लावायच्या आत पुढचं वाचा.

सध्या एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहते. खाली दिवसभर ट्यूबमध्ये हवा भरतात. मधूनच एखादी फुटली की माझ्या खिडकीवरची कबुतरं घाबरून उडतात, एक चक्कर मारतात आणि परत तिथंच येऊन बसतात. रोज. मी त्यांना हसायचे, मग लक्षात आलं की मलाही कुणी असंच लांबून बघत असेल तर ते काय म्हणत असेल. असो, कबुतरांसाठी पत्र लिहीत नाहीये.

जमिनीची मोजणी करणारी एक टोळी आहे, तिला पट्टी धरायला माणूस हवं होतं. पट्टी म्हणजे आकडे रंगवलेला माझ्या दुप्पट उंचीचा दांडा. मोजणीदारबाई तिकडे लांब दुर्बिणीला डोळा लावून उभ्या, आणि मी इकडे दांडा सरळ धरून उभी. हलायचं नाही, नाक खाजलं तरी नाही. आई-बाबा गेल्यावर तुम्ही मला घरी आणलंत तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि तेव्हापासून तुम्ही एकच वाक्य म्हणत आलात, "बस गं एका जागी." आता मला एका जागी उभं राहायचा पगार मिळतो. घ्या.

पण उभं राहून राहून मला प्रश्न पडायला लागले. त्या काय लिहितात, का वजा करतात, शेताचा हा कोपरा त्या कोपऱ्यापेक्षा एक हात खाली आहे हे न चालता कसं कळतं. विचारत सुटले. एक दिवस बाईंनी वहीच हातात दिली आणि म्हणाल्या, आजची बेरीज-वजाबाकी तू कर, माझं डोकं सुटू दे. काका, मी दोन वह्या भरल्या. शाळेत माझी एक वही कधी भरली होती का, आठवून सांगा.

तर या गावात एक कॉलेज आहे आणि तिथं मोजणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. चोवीस जागा. बाईंनी मला ढकलून प्रवेशपरीक्षेला बसवलं आणि माझा नंबर एकोणिसावा आला. बसा आता खाली.

फीचं ऐका. ज्यांच्या घरी फारसं नसतं त्यांना फी शून्य. वर राहण्या-जेवणाला भत्ता. मी मदतीच्या खिडकीवर जाऊन तिथल्या बाईंना विचारलं, हे कर्ज नाही ना? नाही म्हणाल्या. नंतर फेडायचं नाही ना? नाही. मग पुन्हा विचारलं. त्यांनी चष्मा खाली केला आणि म्हणाल्या, "चौथ्यांदा विचारलंस तर तुला फी लावीन."

सोबत एक फॉर्म आहे. माझा भाग मी भरलाय. उरलेला भाग सांभाळणाऱ्या माणसानं भरायचा, पाकीट बंद करायचं आणि थेट कॉलेजला पाठवायचं. मी तो बघायचा नाही असा नियम आहे. १५ एप्रिलच्या आत पोचायला हवा. मदत मंजूर झाली तर जागा माझी. नाही झाली तर फी भरण्याइतकं माझ्याकडे नाही, आणि पंचविसाव्या नंबरचा पोरगा खुश होईल.

फार मनावर घेऊ नका. मिळालं तर मिळालं.

तुमची भिंगरी


१६ मार्च

भिंगरे,

पत्र परवा मिळालं. फॉर्मसकट एकतीस ग्रॅम. फॉर्म वगळून एकोणीस. तू 'मनावर घेऊ नका' असं लिहितेस, पण तुझं पत्र सहसा बारा-तेराच्या वर जात नाही. एकोणीस म्हणजे तुझ्या मनात फार आहे.

टपालवाला विचारत होता की पोरगी फोन का करत नाही. मी सांगितलं, फोनवरच्या बोलण्याचं वजन करता येत नाही. तो गेला मान हलवत. गेली दोन-अडीच वर्षं तो मान हलवतोच आहे.

फॉर्म भरून आज पाठवला. तीन दुपारी लागल्या. दुकानात दुरुस्तीला आलेले वजनकाटे बाजूला ठेवले आणि आधी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला. बरेच प्रश्न सोपे होते. एका प्रश्नाशी मी थांबलो. पेन्सिलीनं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी जे खरं तेच शाईनं लिहिलं.

किराणावाला तेव्हा इथंच बसला होता. म्हणाला, अशा फॉर्मांत सगळेच थोडं इकडचं तिकडे करतात, त्यात काय एवढं. मी त्याला म्हटलं, तुझा दुकानातला काटा उद्या जरा घेऊन ये, बघतो. त्यानंतर तो फिरकलेला नाही.

मोजणी शिकणार हे वाचून बरं वाटलं. माप आणि वजन ही सख्खी भावंडं आहेत. मी एकाजवळ आयुष्य काढलं, तू दुसऱ्याला धर.

पट्टी धरताना सावलीत उभी राहत जा.

काका


४ मे

काका,

कॉलेजचं उत्तर आलं. मदत नामंजूर. कारण एका ओळीचं आहे. अर्जदार पालकाच्या कुटुंबात मोडत नाही, पालकानं 'घरात राहणारी माणसं : एक' असं लिहिलं आहे.

बरोबरच आहे तुमचं.

मोजणीचं काम संपलं. मी वर डोंगराकडे फळबागेत जाते आहे. पत्ता अजून ठरलेला नाही.

भिंगरी


१९ मे

भिंगरे,

हे पत्र मी तुझ्या कॉलेजात, मदतीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून लिहितो आहे. बाकाचा एक पाय आखूड आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. दुकान दोन दिवस बंद ठेवलंय. दारावर कागद लावलाय. एवढ्या वर्षांत पहिलाच, त्यामुळे गल्लीत मी गेलो अशी बातमी पसरली असणार.

नामंजुरीची एक प्रत मलाही आली. तिच्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, फेरविचारासाठी ३१ मेपर्यंत अर्ज करता येईल. ती तू मला कळवली नाहीस. वाचलीच नसशील, किंवा वाचून फेकली असशील.

आता त्या 'एक'चं सांगतो. प्रश्न होता, 'घरात सध्या नियमित राहणारी माणसं किती?' मी उठून घरातून फिरून आलो. दोन खोल्या आहेत, वेळ लागला नाही. मी एकटा होतो. पेन्सिलीनं 'दोन' लिहिलं ते खोडलं, कारण तू अडीच वर्षांत इथं सहा रात्री झोपली आहेस. ज्या माणसानं लोकांच्या काट्याखाली लबाडीनं चिकटवलेले मेणाचे गोळे आयुष्यभर खरवडून काढले, त्यानं स्वतःच्या पारड्यात बोट कसं ठेवायचं? म्हणून 'एक'. आकडा खरा होता. पण ते वाचून तुला काय वाटेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. फॉर्म तू बघणार नव्हतीस ना.

फॉर्मवर जागा नव्हती म्हणून राहिलेलं इथं लिहितो. तुझी गादी भिंतीलाच आहे. तिच्यावर सध्या दुरुस्तीचे काटे ठेवलेत, पण ते गिऱ्हाइकांचे आहेत, उतरवता येतात.

मग मी बुटांचं खोकं घेतलं आणि गाडीत बसलो. खोक्यात तुझ्या पत्रांची पाकिटं आहेत, त्रेचाळीस. आतली पत्रं घरी काढून ठेवली, ती कॉलेजच्या कामाची नाहीत. मनात होतं की खिडकीवरच्या बाईंना सांगावं, ही मुलगी राहत नसली तरी माझीच आहे, बघा, दर वीसेक दिवसांनी पत्र येतं.

बाईंनी पाकिटं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. शिक्क्यांवरची गावं मोजली, अकरा. तारखा वहीत लिहून घेतल्या. मग विचारलं की कोपऱ्यात हे बारीक आकडे कसले. मी म्हटलं, वजन. त्यांनी मला पाणी दिलं.

मग विचारलं, तुम्ही तिला पैसे पाठवता का. मी खरं सांगितलं. एकदाच पाठवले होते, तिनं त्या पैशांतून मलाच चष्म्याची फ्रेम पाठवली. म्हणजे अडीच वर्षं ती स्वतःच्या कमाईवर आहे? म्हटलं, हो, आणि दर दोन महिन्यांनी वेगळ्या कमाईवर.

तेव्हा त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमचा एक अगदी बरोबर आहे. चुकलाय तो फॉर्म."

नियम असा आहे. जो विद्यार्थी सलग दोन वर्षं घरापासून वेगळा, स्वतः कमावून राहिला आहे, त्यानं पालकांचा फॉर्म भरायचाच नसतो. त्याचा वेगळा फॉर्म असतो, त्यात फक्त त्याची स्वतःची कमाई बघतात. अडचण एकच, वेगळं राहिल्याचा पुरावा लागतो, आणि असं भटकणाऱ्यांकडे तो नसतो. भाडेपावत्या कोण ठेवतंय. तुझा पुरावा खोक्यात होता. मी 'दोन' लिहिलं असतं तर हाच पुरावा खोटा ठरला असता.

पाकिटं आत ठेवून घेतली आहेत. परत मिळतील ना, असं मी दोनदा विचारलं. पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या घरात सगळे तीन-तीनदाच विचारतात का.

आता तुझी सही हवी आहे, तुझ्या हातची, त्यांच्यासमोर, ३१ मेच्या आत. आणि तू कुठल्या डोंगरावर आहेस ते मला माहीत नाही. हे पत्र सायकलच्या दुकानात देऊन जातो. सकाळी तिथं जाऊन आलो, मालक म्हणाले की ते काहीतरी करतील. माणूस बोलायला फटकळ आहे, पण त्याचा हवेचा काटा अचूक आहे. मी बघितला.

ये.

काका


१ जून

काका,

काल सही केली. आधी एवढंच वाचा, मग श्वास घ्या, मग बाकीचं.

सायकलवाल्यांना माझा पत्ता माहीत नव्हता म्हणून आठवडाभरानं मोजणीदारबाई कामावरून परतल्यावर त्यांनी तुमचं पत्र त्यांच्याकडे नेऊन दिलं, आणि बाईंनी गाडी काढून डोंगरातल्या बागा पालथ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी चौथ्या बागेत मी सापडले, शिडीवर. मी म्हटलं, तुम्ही मला एवढ्या झाडांत ओळखलंत कसं? म्हणाल्या, "दुर्बीण लागलीच नाही. सगळी शिडी हलत होती."

बागेत या दिवसांत कच्ची फळं विरळ करायचं काम असतं. एका झुबक्यात पाच-सहा लिंबाएवढी फळं धरतात, त्यातलं बरं बघून एकच ठेवायचं आणि बाकीची खुडून खाली टाकायची, म्हणजे राहिलेलं पोसतं. मुकादम सकाळपासून झाडांखालून फिरत ओरडायचा, एकच ठेवा, एकच. काका, खरं सांगते, पंचवीस दिवस मी ते ऐकत होते आणि खाली पडलेल्या फळांकडे बघून वाटायचं, ही मी. काकांनी एक ठेवलं आणि मला खुडलं. इतकी मूर्ख आहे मी. तुम्हाला लहानपणापासून ओळखते, भाजीवालीचा काटा पाच ग्रॅमनं तिच्याच तोट्यात होता तेव्हा तिला शोधत तुम्ही भर उन्हात मंडईत गेला होता, मी तुमचा हात धरून होते. तरी मला सुचलं नाही की हा माणूस दुसरं काही लिहूच शकत नाही.

आणि हो, ती बारीक अक्षरातली ओळ मी वाचली होती. वाचून घडी घातली आणि खिशात ठेवली. फेकली नव्हती. कळवली मात्र नाही, ते चुकलंच.

बाईंनी मला गाडीत बसवलं आणि तुमचं पत्र दिलं. मी ते घाटात वाचलं. वळणावळणाच्या रस्त्यावर वाचू नये असं म्हणतात, मळमळतं. मला मळमळलं नाही. दुसरंच काहीतरी झालं, ते बाईंनी न बघितल्यासारखं केलं आणि खिडकीची काच खाली केली.

खिडकीवर पोचले तर जेवणाची सुट्टी. त्याच बाकावर बसले. पाय आखूड आहेच, पण आता त्याच्याखाली घडी केलेला पुठ्ठा आहे. नीट मापात. तुम्हीच ना?

मग आतल्या बाईंनी बोलावलं. नवीन फॉर्म साडेतीन पानांचा. नाव, काम, मागच्या दोन वर्षांत कुठं कुठं राहिलीस. मला सगळं आठवेना. मला वाटत होतं की बोटींचं काम सूत गुंडाळायच्या कारखान्याआधी होतं, बाई म्हणाल्या, नाही, नंतर, आणि पाकीट दाखवलं. माझंच आयुष्य त्यांनी मला तारीखवार सांगितलं. मी कुठं होते हे मी विसरले होते, आणि तुम्ही खोक्यात जपून ठेवलं होतं.

सगळी त्रेचाळीस पाकिटं मी एकेक करून बघितली. प्रत्येकावर तुमचं बारीक अक्षर. बारा ग्रॅम. चौदा. साडेनऊ, तेव्हा मी आजारी होते आणि कळवलं नव्हतं, तुम्ही पुढच्या पत्रात विचारलं होतं की बरी आहेस का, आणि मला तेव्हा भूत दिसल्यासारखं झालं होतं. शेवटचं पाकीट ४ मेचं. त्याच्यावर काही नव्हतं. कोपरा कोरा.

मी बाईंना विचारलं, यावर वजन का नाही. त्या म्हणाल्या की त्यांनीही हेच विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी काटा लावला नाही."

मी सही केली, काका. माझी सही नेहमी पळत असते, या वेळी सावकाश केली.

निकाल पंधरा दिवसांत कळेल म्हणतात. सध्या सायकलवाल्यांच्या वरच राहते आहे, भाड्याच्या बदल्यात दुपारी दुकान झाडते आणि सुट्या कड्या डब्यांत लावते. मला माफ केलं असेल तर उत्तर लिहा. नसेल केलं तरी लिहा.

भिंगरी


६ जून

भिंगरे,

सोळा ग्रॅम.

माफ करण्यासारखं काही नाही. पुठ्ठा मीच लावला.

काका


२७ ऑगस्ट

काका,

जूनमध्ये 'मंजूर, पूर्ण' एवढं कार्डावर लिहून मी तुम्हाला कळवलं होतं, आणि तुम्ही कार्डाचं वजन तीन ग्रॅम असं उत्तर पाठवलंत. आता सविस्तर.

फी शून्य. खरोखर शून्य, मी पावती बघितली, तिच्यावर आडवी रेघ आहे. भत्त्यातून खोली आणि जेवण भागतं. पुस्तकं ग्रंथालयातून दोन वर्षांसाठी उसनी मिळतात. चिखलात चालायचे बूटसुद्धा मिळाले, कारण यादीत 'आवश्यक साधनं' असं लिहिलंय आणि खिडकीवरच्या बाईंच्या मते मोजणी करणाऱ्याचं पहिलं साधन पाय. बूट अर्धा अंगठा मोठे आहेत. तक्रार नाही.

हा पैसा येतो कुठून, ते मला कळेना. मी विचारलं. (एकदाच.) बाई म्हणाल्या की सगळ्यांच्या करातून, परवान्यांतून, लहान-मोठ्या शिक्क्यांच्या शुल्कातून. मग मला आठवलं की तुम्ही दुरुस्त केलेला प्रत्येक काटा शिक्का मारायला सरकारात जातो आणि त्याचे पैसे भरावे लागतात. म्हणजे तो किराणावाला, ती भाजीवाली, तो मासेवाला जो काटा ओला ठेवतो म्हणून तुम्ही त्याला रागावायचात, हे सगळे माझ्या फीत आहेत. त्यांना पत्ताही नाही. किराणावाल्याला सांगा माझ्याकडून. नाहीतर नको, तो उधार द्यायचं बंद करेल. नाही, सांगाच.

मोजणीदारबाई आठवड्यातून एकदा आम्हाला शिकवायला येतात. वर्गात मला ओळख दाखवत नाहीत, बाहेर आल्यावर डब्यातलं अर्धं देतात. सायकलवाल्यांनी एक जुनी सायकल जोडून दिलीय, तीन सायकलींची मिळून एक. घंटा नाही, पण ती येतेय हे सगळ्या रस्त्याला कळतं. या सगळ्यांचे उपकार कसे फेडायचे याची मला सारखी रुखरुख लागते. खिडकीवरच्या बाईंना तसं म्हटलं तर त्यांनी पुन्हा चष्मा खाली केला. म्हणाल्या, "नापास होऊ नकोस. बाकी मागच्या माणसाला पुढं येऊ दे, रांग मोठी आहे." मी मागं बघितलं तर खरंच रांग होती. एका मुलीच्या हातात पालकांचा फॉर्म होता आणि ती रडवेली झाली होती. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, तू घरी राहतेस की वेगळी? मग तासभर तिथंच गेला आणि माझा वर्ग बुडाला. बाईंना सांगू नका.

सोबत माझा पहिला नकाशा आहे. कॉलेजच्या मागची टेकडी. मोजलीही मीच, काढलाही मीच. दोन ठिकाणी शाई पसरली आहे, तिथं तळं समजू नका.

भिंगरी


४ सप्टेंबर

भिंगरे,

नकाशा मिळाला. दुकानात समोरच्या भिंतीवर लावला. किराणावाल्याला दाखवला आणि त्याच्या पैशांचंही सांगितलं. आधी हिशेब मागू लागला, मग बराच वेळ टेकडी बघत बसला. म्हणाला, चढ फार आहे. जाताना स्वतःचा काटा तपासायला ठेवून गेला.

तुझ्या गादीवरचे काटे मी खाली उतरवले आहेत. सुट्टी लागली की कळव. फॉर्मसाठी नव्हे, मला जागा करायला वेळ लागतो म्हणून.

टपालवाला पत्र घेऊन आला तेव्हा म्हणाला, वजन जास्त भरलंय, वरचे पैसे द्यावे लागतील. त्याचा काटा जुना आहे, स्प्रिंग ढिली आहे, हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. तो वाद घालायच्या तयारीनंच उभा होता.

मी न तपासता पैसे दिले.

काका